सेवापुस्तक

हणबर सरांच्या तेहतीस वर्षांतली एकोणतीस
माझ्या कपाटात होती, तिसऱ्या खणात,
वाळवीच्या पावडरीसकट.
पहिलं पान आधीच्या कारकुनाच्या अक्षरात:
दौलू रामा हणबर. उंची पाच फूट चार.
ओळखीची खूण, हनुवटीखाली जुनी जखम.
पद, क्रीडा शिक्षक, हंगामी.
जलतरण हा शब्द त्या रकान्यात मावला असता,
पण कॉलेजला तलावच नव्हता.

होती ती वडणग्याच्या वाटेवरची एका मळ्यातली विहीर.
म्हशी आधी, मग पोरं.
काठावर आंब्याची फळी, दोन दगडांनी दाबलेली.
विद्यापीठाच्या स्पर्धेला गेल्यावर
मालन चौगुले खऱ्या फळीवर उभी राहिली
आणि हसायलाच लागली:
"सर, ही तर आपल्याला ढकलतीया!"

बिलं मी लिहायचो.
काथ्याचा दोर, चाळीस फूट. पत्र्याचे डबे, सहा.
गूळ-शेंगदाणे, दीड किलो.
पोहायला गूळ कशाला, प्राचार्यांनी विचारलं.
"साहेब, पोरगं वर आलं की आधी हात पुढं करतंय.
त्या हातावर कायतरी पडाय पाहिजे."

सूर शिकवताना मात्र त्यांचं एकच असायचं,
पाणी उडता कामा नये.
पाण्याला कळायच्या आत आत जायचं.
मुटका मारून सगळी विहीर भिजवणाऱ्यांकडं
ते शिट्टी न वाजवता नुसते बघायचे.
बास.

हे झालं बिलातलं.
पण कधी कधी सर उशिरा यायचे, केस ओले.
सही करताना मस्टर भिजायचं,
शाई पुढच्या पानावर फुटायची, मी चिडायचो.
कैक वर्षांनी शिपायानं सांगितलं,
रंकाळ्यावरनं, कळंब्यावरनं, कधी नदीच्या घाटावरनं
पहाटे पोलिसांचा माणूस येतो सरांच्या दारात.
आणि सर जातात. खाली. चिखलात हातानं चाचपत
कुणाला तरी वर आणतात.

त्या दिवशी विहिरीवर सूर नाही, शर्यत नाही.
पोरांनी फक्त उताणं तरंगायचं.
सर काठावरनं एकेकाचं नाव घ्यायचे
आणि प्रत्येकानं, आभाळाकडं तोंड करून,
म्हणायचं, "हाय, सर."

याला रकाना नाही. मी शोधला.
'विशेष कामगिरी'खाली मालनचं कांस्यपदक आहे,
तेही मी पेन्सिलीनं लिहिलेलं.

पुराच्या ऑगस्टात त्यांनी नऊ दिवस रजा मागितली.
कारण, घरगुती.
मी अर्जित रजेतून वजा केली.
त्या नऊ दिवसांत चिखलीच्या गल्ल्यांतनं
जुनी पोरं डबे घेऊन पोहत होती, सगळ्यांत पुढं सर,
हे माझ्या मेहुणीनं सांगितलं.
तिची म्हैस गेली, ती राहिली.
रजा परत जमा करता येईल का, मी वर लिहून विचारलं.
तरतूद नाही, असं उत्तर आलं, जावक क्रमांकासकट.

मला पोहता येत नाही.
"भाऊसाहेब, या की एकदा," म्हणाले होते.
गेलो. पायरीवर पाय सोडून बसलो,
मासे टाचा कुरतडत राहिले. तेवढंच.

परवा निवृत्त झाले. शाल, नारळ.
प्राचार्य भाषणात दौलू नाही, दौलत म्हणाले.
"चालतंय," म्हणाले सर.

संध्याकाळी पुस्तक बंद करायला घेतलं.
नियम असा की कोरी पानं तशी सोडायची नाहीत,
तिरकी रेघ मारून रद्द करायची.
अकरा उरली होती.
पट्टी घेतली नाही.
श्वास धरला, वरच्या कोपऱ्यातनं हात सोडला.
रेघ खाली गेली, कुठं न अडखळता.

शाईचा थेंबही उडाला नाही.